जुनी शिडाची नौका घेताना
सुटीच्या दिवशी मुंबई बंदरातून मांडव्यापर्यंत शिडाच्या नौकेने सहकुटुंब जाणे आनंददायी असते. मात्र जुनी नौका घेताना नव्या रंगाला भुलू नये. व्यवहारापूर्वी ती पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी. फायबरग्लासच्या तळावरील फोड आत पाणी मुरल्याची खूण असू शकतात. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा साधारणतः 10 वर्षांनी बदलाव्या लागतात. भर समुद्रात तार तुटल्यास डोलकाठीच कोसळू शकते. नौकेवर कर्जाचा बोजा नसल्याची कागदोपत्री खात्री करावी. किंमत एकदाच मोजावी लागते. शिडे, इंजिन, विमा आणि पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ठेवणे यांचा खर्च मात्र चालूच राहतो. तो झेपेल एवढीच नौका निवडणे कुटुंबाच्या हिताचे होय.