शिस्त आणि धाक : सायंटॉलॉजी सोडून आलेल्यांची साक्ष



शिस्तीवांचून कोणतीही मंडळी टिकत नाहीं. परंतु एखादी शिस्त माणसास सुधारण्यासाठीं आहे, कीं त्यास बांधून ठेवण्यासाठीं, हें ओळखावें कसें? अमेरिकेतील एका नव्या पंथाचें उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार करूं.

१. पंथाची ओळख. एल. रॉन हबर्ड नामक अमेरिकन लेखकानें १९५० सालीं ‘डायनेटिक्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच शिकवणीवर पुढें लॉस एंजेलिस येथें १९५४ सालीं ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ उभें राहिलें. नांवांत चर्च असलें, तरी हा ख्रिस्ती पंथ नव्हे. मनुष्य हा अमर आत्मा असून ह्या व मागील जन्मांतील आघातांनीं तो जखडला आहे, अशी त्याची शिकवण. सुटकेच्या पायऱ्या क्रमाक्रमानें, आणि बहुधा पैसे भरून, चढावयाच्या असतात. हबर्ड १९८६ सालीं मरण पावले. त्यानंतर पंथाची सूत्रें डेव्हिड मिस्कॅविज ह्यांजकडे गेलीं.

२. कबुली व तिचा उपयोग. सभासद ‘ऑडिटिंग’ नांवाच्या प्रश्नोत्तरांस बसतो. त्याच्या हातांत धातूचे दोन डबे असून ते ‘ई-मीटर’ ह्या विजेच्या यंत्रास जोडलेले असतात. काटा हालला कीं प्रश्नकर्ता अधिक खोल विचारीत जातो, आणि उत्तरें टिपून सभासदाच्या नांवाच्या फायलींत ठेवितो. अपराध शोधण्यासाठींही ह्याच यंत्रापुढें उलटतपासणी होते. शिवाय दुसऱ्याचा दोष दिसल्यास तो लेखी कळविणें हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें आहे. जो टीका करितो किंवा सोडून जाऊं पाहतो, त्यानें कांहीं दुष्कृत्य लपविलें असलें पाहिजे, असें हबर्ड ह्यांनीं शिकविलें. ह्यामुळें कोणी शंका काढली, तर शंकेचें उत्तर मिळत नाहीं. शंका काढणाराचीच झडती सुरू होते.

३. एका मुलीची साक्ष. पंथप्रमुखांची पुतणी जेना मिस्कॅविज हिल हिनें २०१३ सालीं आपली हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तिचे आईबाप ‘सी ऑर्ग’ ह्या सेवकवर्गांत होते. १९६७ सालीं स्थापन झालेल्या ह्या वर्गांतील सेवक एक अब्ज वर्षें, म्हणजे पुढील सर्व जन्मांत, सेवा करण्याच्या करारावर सही करितात. जेना सांगते कीं, आपण ही सही सातव्या वर्षीं केली. कॅलिफोर्नियांतील एका मळ्यावर ती इतर सेवकांच्या मुलांबरोबर वाढली. तेथें मुलें दगड वाहण्यासारखीं कष्टाचीं कामें करीत, आणि आईबापांची भेट क्वचित होई. २००० सालीं आईबाप बाहेर पडले. जेना मागें राहिली. शेवटीं २००५ सालीं ती पतीसह निघाली.

४. कुलूप कोठें होतें? त्याच वर्षीं बाहेर पडलेल्या मार्क व क्लेअर हेडली ह्या दांपत्यानें पुढें पंथावर सक्तीच्या मजुरीचा दावा लाविला. २०१२ सालीं अपील न्यायालयानें पंथाच्या बाजूनें निकाल दिला. वादींस निघून जाण्याच्या पुष्कळ संधी होत्या, आणि आप्तांशीं संबंध तुटण्याचें भय म्हणजे कायद्यानें सक्ती नव्हे, असें न्यायालयाचें मत पडलें. ह्या निकालावरूनच खरें कुलूप कोठें होतें, तें दिसतें. हबर्ड ह्यांच्या १९६५ सालच्या नियमांत पंथाचा उघड त्याग हा विरोधकाचा अपराध गणला आहे, आणि अशा विरोधकाशीं सभासदानें संबंध तोडावयाचा असतो. माइक रिंडर हे अनेक वर्षें पंथाचे प्रवक्ते होते. २००७ सालीं ते बाहेर पडले, तेव्हां पत्नी व मुलें त्यांस अंतरलीं. २०२५ च्या जानेवारींत ते वारले.

५. साक्ष कशी तोलावी? पंथ हे आरोप नाकारितो. संबंध तोडणें ज्याच्या त्याच्या खुषीचें आहे, आणि सोडून गेलेले द्वेषानें बोलतात, असें त्याचें म्हणणें. सोडून आलेल्याचा प्रत्येक शब्द डोळे मिटून मानूं नये, हें खरें. परंतु निरनिराळ्या वेळीं बाहेर पडलेल्या पुष्कळांची साक्ष जेथें जुळते, आणि पंथाचे छापील नियमही तेंच सांगतात, तेथें ती बाजूस सारतां येत नाहीं.

तात्पर्य हें कीं, शिस्तीची परीक्षा आंत राहणारावरून होत नाहीं, तर निघून जाणारावरून होते. ज्यास जावयाचें आहे, त्यास आई, लेंकरूं व आपली कबुली मागें गहाण ठेवावी लागत असेल, तर तेथें राहणाराची निष्ठा खरी कीं भयाची, हें त्याचें त्यालाही कळणार नाहीं.

चर्चेसाठीं प्रश्न

१. विश्वासानें सांगितलेली गोष्ट दुसऱ्यानें कोणत्या कामीं वापरूं नये?
२. शंका विचारणारास आपण उत्तर देतों, कीं त्याचे दोष काढतों?
३. आपल्यांतून निघून गेलेल्याच्या घरीं आपण शेवटचे केव्हां गेलों होतों?