शोधयंत्रें : एक टाकून दुसरें कां धरावें?

आमच्या सभासदबंधूंपैकीं पुष्कळांच्या खिशांत आतां मोबाईल असून, बियाणें, बाजारभाव, कर्ज, रोगराई इत्यादि कोणतीहि अडचण आली कीं ते प्रथम त्यालाच विचारतात. विचारतात म्हणजे शोधाच्या चौकटींत दोन शब्द टाकतात, व जें उत्तर सर्वांत वर येईल त्यावर बोट ठेवतात. तें उत्तर देणारें शोधयंत्र कोणतें, तेंच कां, व त्याऐवजीं दुसरें घेतल्यास कांहीं फरक पडतो काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो करण्याची पाळी आमच्यावर ज्या प्रसंगानें आली तो आधीं सांगतों.

गेल्या वर्षीं मृगाच्या तोंडावर आमच्या धाकट्या चुलतबंधूंस पीककर्जासाठीं सातबाराचा उतारा हवा होता. त्यांनीं मोबाईलवर "सातबारा उतारा" असे शब्द टाकले. जी ओळ प्रथम आली ती उघडली, गट नंबर घातला, अडीचशें रुपये भरले व कागद उतरवून घेतला. सोसायटीच्या सचिवांनीं तो पाहतांच परत केला. कां कीं त्यावर डिजिटल सही नव्हती. वस्तुतः सरकारच्या महाभूलेख या ठिकाणीं विनासहीचा सातबारा फुकट पाहावयास मिळतो, आणि डिजिटल सहीचा उतारा सरकारी ठिकाणावरच अवघ्या १५ रुपयांत निघतो. चुलतबंधूंनीं उघडलेली ओळ सरकारची नव्हतीच. ती एका खासगी दुकानाची, पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. नवा उतारा काढून कर्ज हातीं येईपर्यंत नऊ दिवस गेले व वापशावरची पेरणी हुकली. "दादा, पहिलें नांव तेंच खरें असणार असें वाटलें," एवढेंच ते बोलले. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत सातबाऱ्यांच्या सान्निध्यांत गेली, आणि आमच्याच घरीं हें घडावें! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हा.

शोधयंत्र म्हणजे काय, हें कचेरीच्या भाषेंत सांगणें आम्हांस सोपें जातें. दप्तरखान्यांत कोणी जुना फेरफार मागितला तर तेथील कारकून गांवोगांव हिंडत नाहीं. तो गांववार सूची काढतो, तींतून गठ्ठ्याचा नंबर घेतो व गठ्ठा सोडतो. शोधयंत्रहि तसेंच. आपण प्रश्न टाकल्यावर तें जगभर धांवत सुटतें असें नाहीं. त्याचे स्वयंचलित हेर अहोरात्र इंटरनेटवरील पानें वाचीत असतात, व त्यांतील शब्दाशब्दाची सूची आधींच करून ठेवलेली असते. उत्तर निघतें तें त्या सूचींतून. जें पान सूचींत चढलेंच नाहीं तें कितीहि उपयोगाचें असो, त्या यंत्रापुरतें तें नाहींच. आणि सूचींत हजारों पानें सांपडलीं असतां कोणतें वर ठेवावयाचें व कोणतें खालीं, हें ठरविणारा कारकून प्रत्येक यंत्राचा निराळा. एकाच प्रश्नास दोन यंत्रें दोन उत्तरें देतात याचें मूळ येथें आहे.

आरंभीं ही सूची माणसेंच करीत. १९९४ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनीं याहू सुरू केलें, ती मुळांत हातानें विषयवार लावलेली यादी होती. पानें बेसुमार वाढूं लागतांच हात पुरेनात. डिसेंबर १९९५ मध्यें डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें आल्टाव्हिस्टा उघडलें. तें पानांतील सर्व शब्दांची सूची ठेवी व उत्तर क्षणांत देई. लोकांनीं जुनीं यंत्रें सोडून तें धरलें. परंतु त्या काळच्या यंत्रांचा भर शब्द कोठें व किती वेळां आला यावर असे. ही मेख व्यापाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. एकच शब्द पानांत शंभर वेळां लिहावा व वर चढावें, असा धंदा सुरू झाला, आणि विचारणाऱ्याच्या वांट्याला भुसा येऊं लागला.

यावर तोड काढली ती त्याच स्टॅनफर्डमधील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं. १९९८ सालीं त्यांनीं गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची युक्ति साक्षीपुराव्याच्या कायद्यासारखी आहे. पान स्वतःविषयीं काय म्हणतें याहून इतर पानें त्याच्याकडे किती बोटें दाखवितात हें त्यांनीं पाहिलें. आणि बोट दाखविणारें पान स्वतः वजनदार असेल तर त्या बोटाची किंमत अधिक धरली. बांधाच्या तंट्यांत दहा उपऱ्यांच्या जबाबांपेक्षां लगतच्या गटाच्या एका जुन्या खातेदाराचा जबाब भारी ठरतो, तसेंच हें. शिवाय आल्टाव्हिस्टाच्या दर्शनी पानावर बातम्या, खरेदी वगैरेंची गर्दी होत गेली होती. गूगलचें पान कोरें, मधें एक चौकट. लोक पुन्हां सरकले. इतके कीं २००० ते २००४ पर्यंत खुद्द याहू आपल्या गिऱ्हाइकांस गूगलच्या सूचींतून उत्तरें देत होतें. आल्टाव्हिस्टा २००३ सालीं विकलें जाऊन याहूकडे आलें व जुलै २०१३ मध्यें बंद झालें. खोटे साक्षीदार पुढें गूगललाहि भेटले, बोटें विकत मिळूं लागलीं, व तो झगडा अद्याप चालू आहे. पण तें असो.

बैल बदलावयाचा तर बाजार गांठावा लागतो व पदरचे पैसे मोजावे लागतात. शोधयंत्र बदलावयास एक पैसाहि पडत नाहीं. मग आज जगांतील शोधांपैकीं सुमारें नव्वद टक्के एकट्या गूगलकडे कां जातात? तें चांगलें आहे हें एक कारण, व तें आम्हांस मान्य आहे. पण दुसरें कारण असें कीं, मोबाईल हातीं येतो तेव्हां तें आंत बसविलेलेंच असतें, आणि बसविलेलें कोणी काढीत नाहीं. या आयत्या जागेची किंमत केवढी आहे तें अमेरिकेंतील एका खटल्यांत उघड झालें. तेथील सरकारनें ऑक्टोबर २०२० मध्यें गूगलवर मक्तेदारीचा दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्यें न्यायाधीश अमित मेहता यांनीं गूगलनें बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला. फोन व ब्राउझर तयार करणाऱ्यांकडे ही आयती जागा मिळावी म्हणून गूगलनें २०२१ या एका वर्षांत २६३० कोटी डॉलर दिले, असें त्या निकालांत नमूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें असे एकाधिकाराचे करार करण्यास मनाई केली. आपल्याकडेहि भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणीं गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला, व फोन प्रथम सुरू करतांना शोधयंत्र निवडण्याची मुभा ग्राहकास द्यावी असें फर्माविलें.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्यें फायरफॉक्स या ब्राउझरनें अमेरिकेंत गूगल काढून याहूस आयती जागा दिली. तेव्हां पुष्कळांनीं आपण होऊन पुन्हां गूगल लावून घेतलें, व २०१७ सालीं फायरफॉक्सहि परत गूगलकडे गेलें. म्हणजे ज्यास टोंचतें तो बदलतो. ज्यास टोंचत नाहीं, किंवा टोंचतें आहे हेंच कळत नाहीं, तो बसविलेल्या ठिकाणीं राहतो. आमचे चुलतबंधु या दुसऱ्या वर्गांतले.

बदलूं पाहणारानें एक गोष्ट मात्र तपासावी. पाट्या पुष्कळ आहेत, कोठारें थोडीं. मायक्रोसॉफ्टनें जून २००९ मध्यें बिंग सुरू केलें व त्याच वर्षीं याहूशीं करार केला; तेव्हांपासून याहूचीं उत्तरें मुख्यतः बिंगच्या सूचींतून येतात. डकडकगो हें यंत्र २००८ सालीं गॅब्रिएल वाइनबर्ग यांनीं काढलें. विचारणाराची टिपणवही तें ठेवीत नाहीं, व ज्यांस आपण काय शोधतों हें कोणास कळूं नये असें वाटतें ते त्याकडे जातात. पण त्याच्याहि बहुतेक ओळी बिंगकडूनच येतात. तेव्हां याहू सोडून बिंग धरणें म्हणजे एकाच विहिरीवर मोट बदलणें होय. पाणी तेंच. स्वतःची मोठी सूची असणारीं यंत्रें गूगल व बिंग, रशियांतील यांडेक्स, चीनमधील बायडू, आणि २०२१ सालीं निघालेलें ब्रेव्ह, अशीं मोजकींच आहेत.

यांडेक्सचें उदाहरण आम्हां मराठी लिहिणारांस विशेष विचार करण्यासारखें आहे. रशियन भाषेंत विभक्तीप्रमाणें शब्दाचें रूप पालटतें. केवळ अक्षरें जुळविणारें यंत्र तेथें लंगडें पडे. १९९७ सालीं निघालेल्या यांडेक्सनें आरंभापासून शब्दाचीं सर्व रूपें एक धरण्याची सोय केली, व त्या देशांत तें परक्या यंत्रांपुढें टिकलें. आतां आपली भाषा पाहा. "ऊस" हा शब्द "उसावरील" झाला कीं त्याचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. "कापूस"चें "कापसाला" होतें, "पाणी"चें "पाण्याचा" होतें. यंत्रास हें व्याकरण ठाऊक नसेल तर "ऊस हुमणी" असें विचारणाराच्या हातीं "उसावरील हुमणीचा बंदोबस्त" हा लेख यावयाचा नाहीं. मोठीं यंत्रें आतां पुष्कळ शहाणीं झालीं आहेत, तरी मराठींत सर्वांची मति सारखी चालत नाहीं असा आमचा अनुभव आहे.

तो अनुभव असा. आम्हीं स्वतंत्र सूचीचीं तीन यंत्रें घेऊन आठवडाभर तेच ते प्रश्न तिघांस विचारले. नांवें मुद्दाम देत नाहीं. आज जें मागें पडलें तें उद्यां पुढें जाईल. "हुमणी" एवढेंच विचारतां तिघांनींहि बरीं पानें दिलीं. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर भुंगेरे सायंकाळीं निंब-बाभळीवर जमतात, तेव्हांच ते गोळा करून मारावे, ही मुख्य गोष्ट सर्वत्र होती. "करपा" विचारतां मात्र एकानें भाताचा, दुसऱ्यानें कांद्याचा, तिसऱ्यानें टोमॅटोचा करपा पुढें केला. यांत दोष यंत्राचा कमी, आमचा अधिक. पिकाचें नांव घालावयास हवें होतें. लासलगांवच्या कांद्याचा भाव विचारला तेव्हां एकानें त्याच दिवसाचा दिला, दुसऱ्यानें वर ठेवलेलें पान दोन महिन्यांपूर्वींचें निघालें. तारीख बारीक अक्षरांत खालीं होती. त्या भावावर कोणी गाडी भरली असती तर भाडेंहि अंगावर आलें असतें.

जाहिरातींचें मूळहि जुनेंच आहे. गोटू या यंत्रानें १९९८ सालीं वरची जागा लिलावानें विकण्यास आरंभ केला. गूगलनें २००० पासून जाहिराती घेतल्या, परंतु त्या खऱ्या उत्तरांपासून वेगळ्या दाखविल्या. हल्लीं ओळीच्या डोक्यावर प्रायोजित किंवा जाहिरात अशा अर्थाचा एक लहानसा शब्द असतो, एवढीच खूण. तो शब्द पाहण्याची संवय डोळ्यांस लावून घेतली पाहिजे. बँकेचा किंवा विम्याचा मदत-नंबर तर शोधयंत्रांतून कधींच घेऊं नये. ठकांनीं आपले नंबर तेथें पेरून ठेवल्याचे प्रकार अनेक झाले आहेत. नंबर पासबुकावर वा पॉलिसीवर छापलेला असतो, तोच लावावा.

आतां नवें प्रकरण. फेब्रुवारी २०२३ मध्यें बिंगनें व मे २०२४ पासून गूगलनें ओळींच्या वर स्वतः रचलेलें उत्तर देण्यास आरंभ केला. चार पानें वाचून त्यांचा मथितार्थ यंत्रच लिहितें. वाचावयास तें फार सोयीचें, व म्हणूनच जपण्याजोगें. आम्हीं एका कीटकनाशकाचें प्रमाण दोन यंत्रांस विचारलें. एकानें एकरीं सांगितलें, दुसऱ्यानें लिटरमागें. एकरीं दोनशें लिटर पाणी धरून हिशेब केला तों एक प्रमाण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! डबीवरील पत्रक काढून पाहिलें तर त्यांतील प्रमाण दोहोंशींहि जुळेना; त्या पिकासाठीं तें निराळेंच होतें. दोन्हीं यंत्रें बोललीं मात्र सारख्याच ठामपणें. एकाच यंत्रास विचारलें असतें तर शंकाहि आली नसती, आणि पंप भरला गेला असता. फवारणीचें प्रमाण डबीवरील पत्रकावरूनच घ्यावें. तें समजत नसेल तर कृषि सहाय्यकास किंवा कृषि विज्ञान केंद्रास विचारावें.

बदल करण्याची रीत अवघड नाहीं. ब्राउझरच्या सेटिंगमध्यें "सर्च इंजिन" असें एक कलम असतें; तेथें चार-पांच नांवें दिसतात, त्यांतील हवें तें निवडावें. न आवडल्यास त्याच वाटेनें परत येतां येतें. आम्ही स्वतः एक यंत्र रोजचें ठेवलें असून, पैशाचा, औषधाचा किंवा कागदपत्राचा प्रश्न असेल तेव्हां दुसऱ्या विहिरीच्या यंत्रास पुन्हां विचारतों. सरकारी पानच हवें असेल तर प्रश्नापुढें इंग्रजींत "साइट" हा शब्द, त्यास लागून दोन टिंबें, व जागा न सोडतां "जीओव्ही डॉट इन" हीं अक्षरें लिहावींत. मग बाकीचीं दुकानें बहुतेक गळून पडतात. मोठ्या यंत्रांत ही खूण चालते. चुलतबंधूंस आम्हीं ती एका चिठ्ठीवर लिहून दिली. ती त्यांनीं मोबाईलच्या कव्हरांत घालून ठेविली आहे, आणि यंदाचा उतारा त्यांनीं १५ रुपयांत घरबसल्या स्वतः काढला.