कॅलिबनला बोलायला कुणी शिकवलं?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये मिरांडा कॅलिबनला ‘तुला बोलायला मी शिकवलं’ असं सुनावते. त्याआधी त्याला बोलताच येत नव्हतं का? आणि बेट त्याचं असताना प्रॉस्पेरो मालक कसा होतो?

उत्तर : या बाबतीत मिरांडाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. बाप प्रॉस्पेरोबरोबर ती बेटाला लागली तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. कॅलिबन आधी कसा होता हे तिला काय आठवणार? हे भाषण तिच्या तोंडी शोभत नाही म्हणून काही जुन्या संपादकांनी ते प्रॉस्पेरोला देऊन टाकलं, पण 1623च्या छापील संग्रहात ते तिचंच आहे. कॅलिबनची आई सिकोरॅक्स ही अल्जिअर्सहून हाकललेली चेटकीण. ती आधीच वारली होती. तरी तिच्या दैवताचं, सेटेबॉसचं, नाव पोराच्या तोंडी आहे. ते काही प्रॉस्पेरोने शिकवलेलं नाही. माझ्या मते आईची बोली त्याच्याकडे होती, ती या दोघांना निव्वळ बडबड वाटली.

मालकीचा उलगडा कॅलिबनच्याच तक्रारीत होतो. सुरुवातीला प्रॉस्पेरोने त्याला गोंजारलं, सूर्य-चंद्राची नावं शिकवली. बदल्यात कॅलिबनने गोड्या पाण्याचे झरे कुठे, खारं पाणी कुठे, कोणती जमीन पिकाऊ आणि कोणती नापीक, हे सगळं दाखवलं. नाटकाचा गाभा मला इथे दिसतो. शिकवलेल्या शब्दांचे उपकार रोज ऐकवले जातात, दाखवलेल्या झऱ्यांचं नाव कुणी घेत नाही. चूल पेटवायला, लाकडं आणायला हाच लागतो, याच्यावाचून आपलं भागत नाही, अशी कबुली खुद्द प्रॉस्पेरो मुलीजवळ देतो. मिरांडावर हात टाकल्याचा आरोप मात्र कॅलिबन नाकारत नाही, उलट मग्रुरीने बोलतो. गुन्हा गंभीरच आहे. पण त्यापायी अख्खं बेट दुसऱ्याचं होत नाही.

बेट कुणाचं, हा प्रश्न तेव्हाच्या प्रेक्षकांना परका नव्हता. व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे निघालेलं ‘सी व्हेंचर’ जहाज 1609 साली बर्म्युडाला फुटलं होतं, आणि 1611च्या नोव्हेंबरात हे नाटक राजा जेम्ससमोर झालं.

तिसऱ्या अंकातला कॅलिबन जरूर वाचा. दारुडा स्टेफानो आणि विदूषक ट्रिंक्युलो गद्यात बरळत असतात, आणि त्यांना बेटावरच्या नादांबद्दल सांगताना हा ‘रानटी’ पद्यात बोलतो. झोपेत ऐकू येणारं संगीत, जाग आल्यावर पुन्हा त्याच स्वप्नासाठी येणारं रडू... इतकं कोवळं या नाटकात दुसरं कुणी बोलत नाही. शब्द शिकवलेले असतील, ऐकणारा कान त्याचा स्वतःचा आहे. त्याच प्रवेशात तो त्या दोघांना बजावतो की आधी प्रॉस्पेरोची पुस्तकं ताब्यात घ्या. सत्ता कशात आहे, हे त्याने नेमकं ओळखलंय.

शेवटी प्रॉस्पेरो मायदेशी, मिलानला, निघतो. कॅलिबन मागे राहतो की नाही, हे शेक्सपिअर सांगत नाही. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी 1969 साली हे नाटक नव्याने रचलं. त्यांचा कॅलिबन रंगमंचावर येताच स्वातंत्र्याची आरोळी ठोकतो, आणि ती मालकाच्या भाषेत नसते.