निकाल, मोहफुले आणि तेंदूपत्ता : सत्र संपतानाचा शिक्षक



एप्रिल उजाडला की आपल्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "सर, तुमचं बरं आहे बुवा, आता दोन महिने सुट्ट्या!" आपण हसून सोडून देतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या छोट्या शाळेत काम करणाऱ्याला ठाऊक असते की मार्च ते मे हाच वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. या दिवसांत शाळेचे एक वेळापत्रक चालते आणि जंगलाचे दुसरे. दोन्ही एकाच मुलाला आपापल्याकडे ओढतात. शिक्षकाचा सत्रअखेरीचा दिवस या ओढाताणीत कसा जातो आणि त्यात आपल्याला काय करता येते, ते आज पाहू.

1) सकाळची शाळा आणि मोहाची पहाट

आपल्याकडचे ऊन काही वेगळे सांगायला नको. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. म्हणून शाळा सकाळची होते. शिक्षक दुपट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन पहाटेच गाडीला किक मारतो. सातच्या परिपाठाला पोचतो, तर पटावर पंचवीस आणि समोर तेरा.

बाकीचे कुठे? मोहाखाली. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. ते ऊन चढायच्या आत वेचावे लागते, नाहीतर गुरेढोरे आणि जंगलातली जनावरे खाऊन टाकतात. म्हणजे उन्हापासून वाचवायला आपण शाळेची जी वेळ ठरवली, नेमकी तीच मोह वेचायची वेळ. नऊ वाजता पोरगा येतो, हाताला गोडसर वास असतो आणि विचारले तर सरळ सांगतो, "मोहफुलं येचाले गेलो होतो ना सर!"

त्याला रागावून काय मिळणार? फुले वाळवून विकली की घरात तेल-मीठ येते, पावसाळ्याची बेगमी होते. अनुभवी शिक्षक अशा वेळी दोन गोष्टी करतात. नवीन घटक आणि चाचण्या पहिल्या तासाला न घेता तिसऱ्या-चौथ्या तासाला घेतात. आणि उशिरा आलेल्या मुलाला दारातून परत पाठवत नाहीत. कारण एकदा परत गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येतच नाही.

मोहाचा एक धडाही घ्यावा. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तीच आग पुढे जंगलात शिरते. पाचोळा खराट्याने झाडून घेतला किंवा खाली जुनी साडी, जाळी अंथरली तर आग लावायची गरजच नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून हे बोलून घ्या. ते घरी जाऊन आईला सांगतात, आणि मुलाने सांगितलेले आई ऐकते.

2) परीक्षा, नोंदी आणि दाखला

2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा आणि संकलित मूल्यमापनाचे वेळापत्रक राज्यभर एकच ठेवले गेले, 8 ते 25 एप्रिल. निकाल 1 मे रोजी. आपल्या भागात ते दिवस भट्टीसारखे तापलेले असतात. पेपर तपासणे, गुण भरणे, वर्णनात्मक नोंदी, प्रगतिपत्रके, निकालपत्रक, ऑनलाइन माहिती हे सगळे पाच-सहा दिवसांत उरकायचे. दोनशिक्षकी शाळेत दोघांनी मिळून पाच वर्ग. नेटवर्कसाठी कधी टेकडीवर, कधी शेजारच्या गावी.

या गर्दीत दोन कामे मात्र घाईत उरकू नका.

पहिले, वर्णनात्मक नोंद. "वाचन चांगले, लेखनात सुधारणा आवश्यक" असे वाक्य तीस मुलांना लिहिले तर ते कोणाच्याच कामाचे नाही. "जोडाक्षरे अडतात, पण गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते" असे लिहिले तर जूनमध्ये पुढच्या शिक्षकाला नेमकी सुरुवात सापडते. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत कमी पडलेल्या मुलांची पुनर्परीक्षा होते. त्या मुलांना कुठे मदत हवी, हे सुट्टीपूर्वीच पालकांना तोंडी समजावून सांगावे लागते.

दुसरे, शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव हे दाखल-खारीज रजिस्टरशी अक्षरान् अक्षर जुळवून लिहा. आज एका वेलांटीचा फरक राहिला तर उद्या जात पडताळणीच्या वेळी त्याच मुलाला चकरा माराव्या लागतात.

3) मुले नेमकी कुठे सुटतात?

बऱ्याच गावांत शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंतच आहे. पुढे शेजारचे मोठे गाव, आश्रमशाळा, वसतिगृह किंवा मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. मूल एप्रिलमध्ये आपल्या पटावर असते, जूनमध्ये दुसऱ्या शाळेच्या पटावर असायला हवे. मधल्या सुट्टीत ते कोणाच्याच पटावर नसते. गळती होते ती इथेच. विशेषतः मुलींची. "आता मोठी झाली, लहान भावाले सांभाळते" असे म्हणत एक वर्ष जाते, मग दुसरे.

म्हणून दाखला पालकाच्या हातात देऊन आपले काम संपत नाही. शक्य असेल तर 1 मेच्या आत पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून नावे कळवा. अर्ज भरायला पालकासोबत बसा. आपल्या वहीत एक साधा तक्ता ठेवा : मुलाचे नाव, पुढची शाळा, प्रवेश झाला का. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्या तक्त्यावरून फोन करा. निकाल शंभर टक्के लागल्याचा फलक लावण्यापेक्षा हा तक्ता पूर्ण भरणे जास्त मोलाचे.

तिकडे पहिलीत येणाऱ्यांसाठी एप्रिलमध्ये शाळा पूर्वतयारी मेळावा असतो. त्यात आयांचे गट केले जातात. आपल्याकडे अनेक मुले घरी गोंडी किंवा माडिया बोलतात. मेळाव्यात मराठीतल्या सूचना पाठ करून घेण्यापेक्षा त्यांच्या भाषेतले दहा-वीस शब्द आपण वहीत उतरवून घेतले, तर जूनमध्ये मूल रडत नाही.

4) तेंदूपत्ता : सुट्टीतली खरी शाळा

मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. घरातली सगळी माणसे पहाटे जंगलात जातात, दुपारी सावलीत बसून पाने जुळवतात, संध्याकाळी फळीवर देतात. आपल्या भागात 70 पानांचा एक पुडा आणि 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुडे मोजले जातात आणि कार्डावर आकडा लिहिला जातो. काही घरांत तो आकडा वाचू शकणारे एकच माणूस असते, आपला चौथीतला विद्यार्थी.

मग सुट्टीचा अभ्यास म्हणून पंचवीस पाने शुद्धलेखन देण्याऐवजी हे उदाहरण द्या :

* तुमच्या घरी रोज 180 पुडे होतात. सात दिवसांत किती? (180 × 7 = 1260 पुडे)
* त्यात पाने किती? (1260 × 70 = 88,200)
* गोण्या किती भरल्या, किती पुडे उरले? (1 गोणी, 260 पुडे)
* समजा शेकडा दर 500 रुपये आहे. मजुरी किती? (12.6 × 500 = 6300 रुपये)
* आता तुमच्या गावचा खरा दर घाला आणि कार्डाशी ताळा करा.

गुणाकार, भागाकार, शेकडा आणि हिशेबवही, सगळे यात आले. पेसा कायदा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. आता अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. उद्या त्या ग्रामसभेचे रजिस्टर कोण लिहिणार? आज आपल्या समोर बसलेलेच. त्यांना हिशेब आला नाही तर हक्क कागदावर राहील आणि व्यवहार दुसराच कोणी पाहील.

पण एक गोष्ट ठामपणे सांगायची. हिशेब घरी करायचा, लहान मुलांनी पाने तोडायला जंगलात जायचे नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. निकालाच्या दिवशी सगळे पालक समोर असतात, तेव्हा पाच मिनिटे यावर बोला : उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटे जाऊ नका, वाकून काम करताना एकाने उभे राहून लक्ष ठेवा, आवाज करत राहा. पोरांना गावात आजीजवळ ठेवा. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जंगल असते, ते आपल्याला हसतीलही. तरी बोला.

5) सुट्टी लांब आहे, हे विसरू नका

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. 2025 मध्ये राज्यात 16 जूनला, आपल्याकडे 23 जूनला. 2 मेपासून धरले तर 52 दिवस. एवढ्या दिवसांत नुकतेच वाचायला लागलेले मूल पुन्हा अक्षर लावत बसते. शाळेतले दुपारचे जेवणही या दिवसांत बंद असते.

शिक्षकालाही विश्रांती हवीच. आईवडिलांना भेटायचे असते, स्वतःच्या लेकरांना वेळ द्यायचा असतो. त्यामुळे भारंभार उपक्रम नकोत. एवढेच करा :

* ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप न लावता पुस्तके गावातल्या एका मोठ्या मुलीकडे सोपवा. दोन-चार फाटतील, फाटू द्या.
* प्रत्येक मुलाला एक वही द्या. रोज फक्त तीन ओळी : आज काय वेचले, काय खाल्ले, काय पाहिले. टेंभरं, चारं, आंबे, बोडीतले मासे, काहीही.
* आठवड्यातून एकदा दोन-तीन घरी फोन करा. "काय वाचून राहिला रे?" एवढा प्रश्न पुरतो.

जूनमध्ये त्या वह्या गोळा कराल तेव्हा काही कोऱ्या निघतील, काही हरवलेल्या असतील. ज्या भरलेल्या असतील त्यांवरून भाषेचे पहिले दोन आठवडे सहज शिकवता येतात, कारण त्यातला प्रत्येक शब्द मुलाचा स्वतःचा असतो.

तुमच्या गावात सुट्टीतला अभ्यास कसा चालतो, तेही इतरांना सांगा. निकालाचे काम वेळेत उरको, उन्हात सांभाळून राहा, आणि तो प्रवेशाचा तक्ता मात्र आजच आखून ठेवा.