मोठे रुग्णालय आधी की पाड्यावरची आशा?

प्रश्न : मोलगी परिसरातल्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला अजून बांबूच्या झोळीतून आणावे लागते. देशाची आरोग्यव्यवस्था सुधारायची तर सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, मोलगी

उत्तर : माझ्या मते पाड्यापासून. सरकारी निकषाप्रमाणे डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, सपाटीवर ५,००० मागे. कागदावर हे उदार वाटते. पण तुमच्या सातपुड्यात तीन हजार माणसे कितीतरी डोंगरांवर विखुरलेली असतात. निकष पायी लागणाऱ्या वेळेचा हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. पुढे हेच काम देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे आले. त्यांना मात्र आपण स्वयंसेविका म्हणतो आणि कामागणिक मोबदला देतो. हा अन्याय आहे. त्यांना नियमित पगार द्यायलाच हवा. भिली, पावरी बोलणाऱ्या परिचारिका नेमणेही तितकेच निकडीचे.

तोवर, घरात कुणी गरोदर असेल, तर आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आधीच राहायला जाता येईल का, हे आशाताईंना आजच विचारा. पावसाळ्यात नाले भरेपर्यंत थांबू नका.