म्हाताऱ्या मनीचे नवे घर

मांजर कोणाला ठाऊक नाही? घरात दाणे आले की उंदीर येतात. उंदीर आले की माणूस मांजर पाळतो. मांजर दाणे राखते. पोरेबाळे त्याच्याशी खेळतात. असे चार दिवस बरे जातात. पण मांजर म्हातारे झाले म्हणजे काय करायचे? आणि त्याला पाळणारे माणूसच गाव सोडून गेले तर?

अशाच एका मांजरीची ही हकीकत आहे. हिच्यात माझी एक चूक आहे. तीही सांगतो. चूक लपवून धडा शिकवता येत नाही.

आजी गेल्या, मनी राहिली

आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहत. त्यांच्याजवळ मनी नावाची मांजरी होती. आजींचे गुडघे धरले. मग मुलाने त्यांना पुण्याला नेले. तिथे भाड्याच्या दोन खोल्या. घरमालक मांजर ठेवू देईना. तेव्हा मुलाने मनीला जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या आश्रयघरात ठेवले.

चार महिन्यांनी आजींचा फोन आला. "गुरुजी, तुम्ही पेन्शनच्या कामाला तिकडं जाता. माझ्या मनीला एकदा बघून या."

मी गेलो. तिथे पुष्कळ मांजरे होती. पिल्ले न्यायला लोक येत होते. मनी मात्र एका कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. मी हाक मारली. तिने नुसते डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

तिथला राखणदार म्हणाला, "गुरुजी, पिल्लाला चार घरं मिळतात. म्हातारीला कोणी विचारत नाही. आम्ही पोटाला घालतो. पण हे काय घर आहे?"

त्याचे म्हणणे खरे होते. तरीही अशी आश्रयघरे आहेत हे चांगलेच आहे. ती आपल्याकडे नवी नाहीत. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून मोठा दंगा झाला. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी तेथे पांजरपोळ ही संस्था उभी केली. टाकलेल्या, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांना तेथे आसरा मिळू लागला. आता तर कायदाही आहे. पाळलेल्या जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने त्याला विनाकारण सोडून देणे, हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून मांजर पोत्यात घालून रानात सोडू नये.

म्हातारे मांजर म्हणजे किती वर्षांचे?

मांजर साधारण १२ ते १५ वर्षे जगते. काही मांजरे २० वर्षांपर्यंतही जातात. १० वर्षांचे मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबाने सुमारे ५६ वर्षांचे. मनी १२ वर्षांची होती. म्हणजे सुमारे ६४ वर्षांची, जवळजवळ माझ्याच वयाची!

या वयात मांजराचे दात पडतात. उडी कमी होते. झोप वाढते. पुष्कळांचे मूत्रपिंड अधू होते. मग ते पाणी फार पिते आणि वाळत जाते. आपले दुखणे मांजर दाखवत नाही, कोपऱ्यात जाऊन बसते. तेव्हा मांजर लपून बसू लागले, खाईनासे झाले, तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

माझी चूक

मनीला मी आमच्याच घरी आणले असते. पण आमच्या घरात बायकोला दमा आहे. मांजराच्या केसांनी तो वाढतो. म्हणून मी गावात घर शोधू लागलो.

वरच्या आळीत एका शेतकऱ्याच्या घरी उंदीर फार झाले होते. त्याने विचारले, "किती वर्षांची आहे?"

मी म्हणालो, "असेल सात-आठ वर्षांची."

जन्मभर मी मुलांना सांगितले, खरे बोला. आणि इथे मीच खोटे बोललो. मला वाटले, एकदा मनी घरात गेली म्हणजे लळा लागेल.

त्या घरी माणसे पुष्कळ, पोरे पुष्कळ, दारात कुत्रा. मनीला पहिल्याच दिवशी अंगणात मोकळे सोडले. तिने काही उंदीर धरला नाही. दूध-भाकरी पुढे ठेवली, ती तिने हुंगून सोडली. चौथ्या दिवशी सकाळी मनी नाहीशी झाली.

तीन दिवस आम्ही शोधले. शेवटी ती सापडली कोठे? आजींच्या बंद घराच्या दाराशी, तुळशीवृंदावनाच्या मागे. पोट पाठीला लागले होते. मांजराला माणसाइतकीच जागेची ओढ असते. आपले जुने घर तिने बरोबर शोधून काढले होते. पण दार उघडणारे कोणी नव्हते.

शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वय आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण त्या मुक्या जिवाचे हाल झाले नसते."

मी खाली मान घातली. दुसरे काय करणार?

खरे सांगून मिळालेले घर

मग मी मनीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले. दोन दात किडले होते. मूत्रपिंड थोडे अधू होते. रेबीजची लसही टोचून घेतली.

आमच्या गावात शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आहेत. घरी एकट्याच. घर शांत. त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. वय १२. उंदीर धरणार नाही. दूध-भाकरीवर भागणार नाही. औषध लागेल. एकदा पळून गेली होती. यातले काही झाकले नाही.

वहिनी म्हणाल्या, "दोन दिवस विचार करते."

दोन दिवसांनी त्यांनी विचारले, "औषधाचा खर्च?"

"निम्मा माझा."

"आणि मी गावाला गेले तर?"

"खाणे-पिणे घालायला मी येईन."

"आणि जमलंच नाही तर?"

"तर मला सांगा. मी परत नेईन. पण तिला बाहेर सोडू नका."

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग आणा. रात्री मशीन थांबलं की घर खायला उठतं. तेवढीच सोबत."

पहिले तीन आठवडे

या वेळी आम्ही घाई केली नाही. काय केले ते ध्यानात ठेवा.

१. मनीला झाकलेल्या टोपलीतून आणले आणि एकाच खोलीत ठेवले. सगळे घर एकदम दाखवले नाही.

२. आश्रयघरातले तिचे गोणपाट न धुता आणून खाली घातले. मांजर वासाने जग ओळखते. आजींनीही पुण्याहून आपले एक जुने लुगडे पाठवले.

३. तिच्यामागे कोणी लागले नाही. पाच दिवस ती पलंगाखाली बसून होती. वहिनी त्याच खोलीत काज-बटणे करीत बसत. सहाव्या दिवशी मनी आपण होऊन त्यांच्या पायाशी आली.

४. मांजर हे मांस खाणारे जनावर आहे. तरुण मांजर उंदीर धरून पोट भरते. म्हाताऱ्याला ते जमत नाही. म्हणून उकडलेली मासळी काटे काढून, किंवा उकडलेले अंडे कुस्करून देत. मीठ-मसाला घालीत नसत. पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने ढाळ लागतात.

५. पाण्याचे भांडे खाण्यापासून दूर ठेवले. एका पाटीत माती भरून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. रोज घाण काढीत.

६. तीन आठवडे दार बंद. नंतर प्रथम दिवसा, जेवणाच्या आधी, भुकेली असताना थोडा वेळ बाहेर सोडले. भुकेले मांजर हाक ऐकून परत येते.

७. माणसाचे औषध मनाने दिले नाही. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

आणखी एक. कोणतेही मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून घरी बसू नये.

पुढे काय झाले?

मनी वहिनींच्या घरी रमली. दुपारी मशीनच्या बाजूला चिंध्यांच्या ढिगावर निजू लागली. दिवाळीत आजी चार दिवस गावी आल्या. मनी त्यांच्या मांडीवर बसली. आजींनी तिला कुरवाळले. संध्याकाळ झाली, मशीन थांबले, तशी मनी उठली आणि वहिनींच्या मागोमाग चुलीकडे गेली.

आजी डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं. आता माझा जीव गुंतणार नाही."

मनी तेथे दोन वर्षे जगली. एका पावसाळ्यात ती झोपेतच गेली. वहिनींनी परसात पेरूच्या झाडाखाली तिला पुरले. महिनाभराने त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या आश्रयघरात अजून एखादं म्हातारं मांजर असेल का हो? वय मात्र खरं सांगा."

विचार करा आणि उत्तरे द्या

१. मनी पहिल्या घरातून का पळाली?
२. गुरुजींनी वय लपवले, त्याचा त्रास कोणाकोणाला झाला?
३. वहिनींनी हो म्हणण्याआधी कोणते तीन प्रश्न विचारले?
४. तुमच्या गावात कोणी घर सोडून जात असेल, तर त्याच्या जनावरांचे काय होते? घरी चर्चा करा.