पाटा तुटला त्या दिवशी

आम्ही नऊ जण शेगावला निघालो होतो. सहा बाया, तीन बाप्ये. सारी आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी. गाव आमचं जिंतूर तालुक्यातलं. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, तेव्हा कुठे भाड्याच्या जीपचे पैसे जमले. साल होतं २०२३, महिना डिसेंबर, वार गुरुवार.

वार गुरुवारच का, ते सांगतो. आमच्यातल्या थोरल्या आत्यांनी नवस केला होता. सुनेचं बाळंतपण अवघड होतं. मायलेकरं सुखरूप सुटली तर गुरुवारी शेगावला नारळ घेऊन येईन, असं त्या बोलल्या होत्या. दोघंही सुखरूप सुटली. म्हणून आत्यांचा नारळ गाडीत सगळ्यांत पुढे.

मंठा मागे पडला. लोणार जवळ आलं आणि गाडीच्या खालून 'काड' असा आवाज झाला. ड्रायव्हर पोरगा खाली वाकून आला आणि म्हणाला, "मागचा पाटा तुटला. नवा मेहकरहून आणावा लागंल. तो आणून बसवेस्तोवर रात्र होईल."

मग काय, भांडण लागलं. कुणी म्हणे गाडीच जुनी दिली. कुणी म्हणे आम्ही एस.टी.नं घरी जातो, आमचे पैसे परत द्या. आत्या काहीच बोलल्या नाहीत. नारळ मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. आम्हांला त्यांच्याकडे बघवेना.

चालत लोणार गावात आलो. चहा घेतला. चहाच्या दुकानात एक म्हातारे गुरुजी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आमची हकिकत ऐकली आणि विचारलं, "सरोवर पाहिलंत का?"

वाचकहो, खरं सांगायला लाज वाटते. या रस्त्यानं आम्ही किती वेळा गेलो असू! खिडकीतून लोणार म्हणून पाटी दिसायची. एकदाही उतरलो नव्हतो.

गुरुजी आम्हांला काठावर घेऊन गेले. गाव आणि सरोवर अगदी लागून आहेत. चालता चालता एकदम पायांखालची जमीनच संपली! समोर भलामोठा गोल खड्डा. इतका गोल, की जणू कुणी परात दाबून उठवावी. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १८०० मीटर, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर. खोली साडेचारशे फुटांच्या आसपास. आपल्या विहिरीच्या हिशेबानं पंचाहत्तर परस! उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी.

काठाजवळ एक पाटी होती. गुरुजी सांगायला लागले, तशी आत्यांनी हात वर केला. "थांबा. मी वाचते." त्या एक एक अक्षर लावू लागल्या. जोडाक्षराला अडल्या. "उल... उल्का... पात." मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "वाचलं तर खरं, पण ह्याचा अर्थ काय?"

उल्का म्हणजे आभाळातून पडणारा दगड. रात्री तारा तुटलेला आपण पाहतो, तो अशाच बारीक खड्याचा. तो वरच्या वरच जळून जातो. पण क्वचित एखादा फार मोठा दगड येतो. तसा एक इथं पडला. तो इतक्या वेगानं आला की पडताक्षणी भयंकर ताप झाला, खालचा काळा खडक फुटला, उधळला, थोडा वितळलाही. मूळ दगड काही शाबूत राहिला नाही. राहिला तो खड्डा.

आमच्यातला एक गडी विहिरी खोदणारा. त्याला पटेना. "दगड पडला हे कुणी पाहिलं?" गुरुजी हसले. म्हणाले, "बरोबर विचारलंस. मोठमोठ्या पंडितांनाही बरीच वर्षे पटलं नव्हतं." आपला हा काळा खडक ज्वालामुखीच्या रसाचाच बनलेला आहे. म्हणून हा खड्डाही ज्वालामुखीचंच तोंड असेल, असं पुष्कळांना वाटे. पुढे तळाशी यंत्रानं भोकं पाडून आतला खडक वर काढला. त्यात असे कण सापडले, की जे नुसत्या तापानं होत नाहीत. अचानक प्रचंड दाब बसला तरच खडकाची तशी काच होते. हे १९७३ साली छापून आलं. "आणि काठाकडं बघ," गुरुजी म्हणाले. "चिखलात धोंडा टाकला की कड कशी वर उचलते? तसा हा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे." विहीरवाल्यानं काठाचा खडक नीट न्याहाळला. मग मान हलवली.

हे कधी घडलं, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एका मोजणीनं सुमारे ५० हजार वर्षे झाली, तर अलीकडच्या मोजणीनं साडेपाच लाखांच्याही वर.

काठावरच धार नावाचं ठिकाण आहे. तिथं गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं. ते पोटभर प्यालो आणि पायवाटेनं खाली उतरलो. खाली कमळजादेवीचं देऊळ, अगदी पाण्याच्या अंगाला. वाटेत मोर दिसले. पाण्याजवळ मात्र कुबट वास. विहीरवाल्यानं बोट बुडवून पाहिलं, तर साबण लागल्यासारखं बुळबुळीत. पाणी खारं आणि सोड्याचं.

वर गोड आणि खाली खारं, हे कसं? आत्यांनीच उत्तर दिलं. या खड्ड्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. ते जातं ते उन्हानं आटूनच. "हंडा रोज तापवला की बुडाला पांढरा थर धरतो ना? तसंच हे." गुरुजी म्हणाले, "आत्या, मी शाळेत हेच सांगत होतो, फक्त लांबण लावून."

२०२० सालच्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, ते पुष्कळांनी ऐकलं असेल. कुणी काय म्हणे, कुणी काय. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खार वाढला होता आणि खारात वाढणारे डोळ्यांना न दिसणारे जीव माजले होते. रंग त्यांचा.

तळ्यात सासू-सुनेची विहीर आहे, असं लोक सांगतात. एका अंगाला गोड पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. पाणी ओसरलं तरच ती दिसते. आम्हांला दिसली नाही. पण गोड बाजू सासूची की सुनेची, यावर बायांचा वाद चढ संपेपर्यंत पुरला!

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. काळ्या दगडाचं, कोरीव. इथं बिळात लपलेल्या लवणासुराला विष्णूनं मारलं, अशी कथा आहे. लवण म्हणजे मीठ. आत्या म्हणाल्या, "आमच्या आजीला हे पाणी खारट का, ते असंच सांगितलं असतं. तिला दगडाचं कोण सांगणार होतं?" देवापुढं त्यांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "नारळ इथंच फोडा." त्या म्हणाल्या, "छे! ज्यांना बोलले, त्यांनाच."

रात्री गाडी नीट झाली. शेगावला शुक्रवारी पहाटे पोचलो. दर्शन झालं. आत्यांनी नारळ ठेवला आणि हळूच पुटपुटल्या, "उशीर माझा न्हाई, पाट्याचा."

घरी आल्यावर पोरासोरांनी शेगावचं विचारलं आणि आम्ही सांगत बसलो लोणारचं. तीन रात्री वर्गात तोच विषय. विहीरवाल्यानं पाटीवर काठाचा नकाशासुद्धा काढला.

पुढच्या वारीचा बेत आत्यांनी आपल्या हातानं कागदावर लिहिला. तारीख, माणसं, खर्च. शेवटच्या ओळीत होतं, "वाटेत एक दिवस लोनार." आमच्या मास्तरीण बाईंनी 'न' खोडून 'ण' केला. आत्यांना ते आवडलं नाही. त्यांनी पूर्ण कागद पुन्हा लिहून काढला.